पाठमोरी पंगत

इंदापूर,
९ मे १९९९

प्रिय ज्योत्स्ना हीस,
सप्रेम जयभीम.

इकडं सगळं ठीक. तुझं पत्र मिळालं. खरं तर मला मिळण्याआधी ते सगळ्या गल्लीला मिळालं, म्हणून आधी फिर्याद नोंदवतो.

पाकिटावर तू पत्ता घातलास, 'श्री. बाजीराव गुरुजी, संस्कृतवाले, इंदापूर'. घर क्रमांक नाही, गल्लीचं नाव नाही. आमचा पोस्टमन सोपान नवा आहे, उत्साही आहे आणि त्याचा गळा टपाल खात्यात वाया चालला आहे. कोपऱ्यावर सायकल उभी करून तो ओरडला, "संस्कृतवालेऽऽ! हायेत का संस्कृतवालेऽऽ?" कल्हईवाला ओरडत यावा तसा. दारं उघडली, बायका बाहेर आल्या, एकीनं म्हणे खरंच पातेलं आणलं. मी आत कपाटाच्या आडोशाला उभा होतो. शेवटी तुझी वहिनी जाऊन पत्र घेऊन आली आणि म्हणाली, "सांगितलं त्यास्नी, आज भट्टी बंद हाय." देववाणीची ही दशा तुझ्यामुळं झाली. पुढच्या वेळी नुसतं नाव घाल. मला हाक मारलेली सोसत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

आता अंजलीचं. तू विचारलंस की तुझ्या सुमितनं दिवाळीत लावून दिलेल्या त्या कॉम्प्युटरच्या नादाचा काही उपयोग झाला का. झाला. कसा, ते मलाही नीट समजलेलं नाही, पण झाला.

तुला माहीत आहे, बी.एस्सी. झाल्यापासून पोरगी घरात होती. दाराची कडी वाजली की गच्चीवर. दुकानात जाऊन 'अर्धा किलो साखर द्या' एवढं वाक्य तिच्या तोंडून निघत नसे. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला सोशल फोबिया असं भारदस्त नाव दिलं. गावात त्याच रोगाला माणूसघाणी म्हणतात आणि फी घेत नाहीत. आपल्या आईचं मत निराळं. अक्काबाई म्हणते, "पोरगी बापावर गेलीया, दुसरं काय न्हाय." मी हसण्यावारी नेतो.

तर आठवड्यातून दोनदा आम्ही एसटीनं बारामतीला जातो. तिथं स्टँडजवळ एका माडीवर चार कॉम्प्युटर आहेत. तिकीट मी काढतो, माडीवरच्या पोराशी मी बोलतो आणि मग तिच्या शेजारी स्टुलावर बसतो. फोन जोडताना ते यंत्र जो आवाज काढतं तो तू ऐकला आहेस का? विहिरीत पडलेला माणूस खालून हाका मारतो आहे आणि वर कुणालाच कळत नाही, असा काहीसा. मग आवाज थांबतो आणि पत्रं दिसू लागतात.

जगभरातल्या अशा बुजऱ्या माणसांचा तो एक गट आहे. एकानं लिहिलं की ते सगळ्यांना पोचतं. कॅनडातली एक बाई फोनची घंटा वाजली की न्हाणीघरात जाऊन बसते. त्याच गटात आपल्याकडचे पाच जण एकमेकांना सापडले आणि त्यांनी मराठीची वेगळी चूल मांडली. नाव 'लाजाळू'. लिहितात मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. वाचताना मला दाताखाली खडा यावा तसं होतं. खरी नावं कुणी सांगत नाही. आपली अंजली 'कासव'. बाकीचे गोगलगाय, शिंपला, खेकडा आणि साळिंदर. गोगलगाय डाळजच्या बाजूची कुणी बाई आहे, खेकडा साखर कारखान्यात कामाला, शिंपला बारामतीचाच, साळिंदर सोलापूरकडचा. म्हणजे पाच जणांचे पाच गड, आणि प्रत्येकाचा दरवाजा आतून बंद.

हसू नकोस, मी हसून झालो आहे. परवा गोगलगाईनं लिहिलं, "आज दुकानात जाऊन साबण मागितला. त्यानं दुसराच दिला. तोच घेऊन आले. पण मागितला." त्यावर चौघांची अभिनंदनं! अंजलीनं लिहिलं, "दुसरा दिला हे त्याचं चुकलं, तुमचं नाही." मी स्टुलावरून वाचत होतो आणि ज्योत्स्ना, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साबणासाठी. वय झालं बहुतेक.

त्यांची एक रीत मला फार आवडते. ज्याला काहीच लिहवत नाही त्यानं फक्त 'आहे' एवढं लिहायचं. वर्गात हजेरीला पोरं म्हणतात ना, तसं. काही दिवशी नुसते पाच 'आहे' येतात. तेवढ्यावर पोरगी हसत जिना उतरते.

आता महत्त्वाचं. तुझ्या पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेतून तिला मुलाखतीचं पत्र आलं आहे, जूनच्या मध्यात. टेबलापलीकडं माणसं बसणार, तिच्या तोंडाकडं बघणार आणि प्रश्न विचारणार. पत्र आलं त्या दिवशी ती जेवली नाही. मग गटातल्या चौघांनी तिच्यासाठी एक बेत काढला. आजवर कुणी कुणाला पाहिलेलं नाही, तर एकदा भेटायचं. सराव म्हणून.

यंदा उजनी धरणाचं पाणी बरंच उतरलंय आणि त्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ वर आलंय. तिथं, येत्या रविवारी. चारचौघांत जेवणं हे त्या सगळ्यांना सगळ्यात कठीण, म्हणून पंगतच करायची, पण पाठमोरी. मध्ये मोकळी जागा ठेवून गोल बसायचं आणि सगळ्यांची तोंडं बाहेर. कुणी कुणाकडं बघायचं नाही, बोलायचं नाही, नाव विचारायचं नाही. प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. डबा मागच्या मागं हातानंच पुढं सरकवायचा, आपण एक उचलायचा, पुढच्याला द्यायचा. अशी पंगत कुठल्याही धर्मशास्त्रात नाही. मला विचारलं तर सगळ्याच पंगती अशा असाव्यात.

आणि ती एकटी जाणार आहे. एसटीनं, स्वतः तिकीट काढून. "बाबा, तुम्ही स्टँडपर्यंतसुद्धा यायचं नाही," असं बजावलंय. मी अर्थातच जाणार नाही.

तुझा,
दादा

•

इंदापूर,
३० मे १९९९

प्रिय ज्योत्स्ना,
सप्रेम जयभीम.

या खेपेला पत्ता नीट घातलास त्याबद्दल आभार. सोपान हिरमुसला आहे.

पंगत झाली. आधी चांगली बातमी. अंजली एकटी गेली आणि एकटी आली. कंडक्टरला 'पळसदेव एक' म्हणाली. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, दुसऱ्यांदा फुटला. घरी आली तेव्हा तिचा चेहरा मी असा पाहिला की बोर्डात पहिली आलेल्या पोरीचासुद्धा मी तसा पाहिलेला नाही, आणि माझ्या नोकरीत बोर्डात कुणी आलेलं नाही ही गोष्ट वेगळी.

तिनं सांगितलं ते असं. फाट्यावर उतरून कडेच्या गाळातून चालायचं आणि मधल्या पाण्याच्या पट्ट्यात होडी करायची. होडीवाला म्हस्कू म्हणून आहे, एरवी मासे धरतो. देवळाचे दगड इतके तापलेले की बसताना पंचा घालावा लागे, आणि तरी त्या दगडांना वास मात्र ओल्याचा. भिंतींवर वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे. गाळात एक जुनं जातं अर्धं रुतलेलं. लांब बगळे उभे, तेही पाठमोरे. वाऱ्याशिवाय आवाज नाही, आणि मध्ये खाण्याचा आवाज. माणसं चावतात तो आवाज इतका एकसारखा असतो हे तिला कधी माहीत नव्हतं.

खाऊन झाल्यावर ज्याला वाटेल त्यानं न सांगता उठून जायचं, बाकीच्यांनी वळायचं नाही. तसंच झालं. नाव नाही, गाव नाही. अंजली म्हणाली, "बाबा, मी माणसांत जेवले."

इथवर लिहून पत्र संपवायला हवं होतं. पण पुढं झालं ते असं.

मंगळवारी आम्ही बारामतीला गेलो. यंत्रानं विहिरीतून हाका मारल्या. पहिलं पत्र खेकड्याचं, क्षमायाचनेचं. "माझे धपाटे कमी पडले. मोजण्यात चुकलो. ज्यांना मिळालं नसेल त्यांनी माफ करा." त्याखाली गोगलगाईचं, "नाही, मला मिळाला. उलट माझ्याच पुरणपोळ्या कमी पडल्या, लाज वाटते." त्याखाली शिंपल्याचं, त्याखाली साळिंदराचं. पाचवं पत्र लिहायला अंजली बसली होतीच. तिचे शेंगदाण्याचे लाडू कमी पडले होते आणि दोन दिवस तिनं तो अपराध पोटात ठेवला होता!

पाच जणांनी एकमेकांच्या पाच माफ्या मागितल्या. मी स्टुलावर हसत होतो. अंजली हसत नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "आम्ही पाच. कमी पडू नये म्हणून मी सहा नेले होते."

तिनं गटात विचारलं. आठवड्यात उत्तरं आली. माणसं एकाच मातीची, त्यामुळं प्रत्येकानं तेच केलेलं. पाच जणांसाठी सहा. आता बघ, डबा गोल फिरून आपल्याकडं येईपर्यंत बाकीचे चौघं चार उचलणार. म्हणजे परत येताना त्यात दोन हवेत, एक आपला आणि एक जास्तीचा. पाचही डबे रिकामे आले. आणि पाचही जण आपली वाटणी न खाता गप्प बसले, कारण 'माझा कुठं गेला' हे विचारायला तोंड लागतं.

मी म्हटलं, "कुणीतरी खादाड असेल. दोन-दोन उचलले असतील."

"आमच्यातला?" ती म्हणाली. "बाबा, आम्ही पहिल्यांदा हात घालताना मरतो. दुसऱ्यांदा कोण घालेल?"

मग बोटांवर मोजून म्हणाली, "दोन जण जास्त होते."

ज्योत्स्ना, आबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातली भुतंखेतं, म्हसोबा, साती आसरा सगळी एका पाटीत भरून बाहेर घातली होती. तो शब्द आपल्या घरात चालत नाही आणि मीही तो लिहिणार नाही. गटातल्या कुणीही तो लिहिला नाही. पण त्या दिवसापासून 'आहे' येणं कमी झालं. आधी साळिंदराचं थांबलं. मग शिंपल्याचं. गेल्या शुक्रवारी एकही 'आहे' नव्हतं. रिकामा पडदा बघून अंजली उठली, जिना उतरली आणि परतीच्या गाडीत तिनं तिकीट काढलं नाही. मी काढलं.

काल तिनं मुलाखतीचं पत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

तिचे ते चौघं गेले तर ती पुण्याला येणार नाही, हे मला कळतं. काय करावं ते कळत नाही. तूच काहीतरी सुचव. तू रोज वॉर्डात पन्नास माणसांना दरडावतेस, तुला सुचेल.

दादा

•

इंदापूर,
९ जून १९९९

प्रिय ज्योत्स्ना,
सप्रेम जयभीम.

तू नर्स झालीस आणि पोलीस खात्याचं नुकसान झालं. दोन ओळींचं कार्ड! 'दगडावर पंचा घालून बसावं लागे हे अंजलीनं सांगितलं? ती पंचा वापरते का?' आणि ते सोपाननं आधी वाचलं असणार, कारण देताना माझ्या खांद्यावरच्या पंच्याकडं बघत होता.

हो. मी गेलो होतो.

ती निघाल्यावर पुढच्या गाडीनं. डोक्याला पंचा गुंडाळून. मनाशी म्हटलं, लांबून बघायचं, ती सुखरूप बसली की परत फिरायचं. म्हस्कूनं मला पलीकडं सोडलं. मी देवळाच्या भिंतीआडून पाहिलं तर गोल बसलेली माणसं, सगळी पाठमोरी, माना खाली. अंजलीची पिवळी ओढणी पलीकडच्या बाजूला. अलीकडं, माझ्याच बाजूला, एक माणूस बसेल एवढी जागा होती.

मी परत फिरायला हवं होतं.

ज्योत्स्ना, तू विचारायचीस की दादा लग्नाकार्यात आहेराचं पाकीट पाठवतो पण जेवायला का थांबत नाही. शाळेत मी डबा नकाशांच्या खोलीत खातो, पृथ्वीच्या गोलाशेजारी. सगळ्यांना वाटतं गुरुजी सोवळे आहेत; त्यातला विनोद तुला कळेल. बुद्धपौर्णिमेला विहारात मी खीर वाढतो ती वाढणाऱ्याला बसावं लागत नाही म्हणून. चाळीस पोरांपुढं मला काही होत नाही. पण कुणी माझ्याकडं बघत असताना घास घशाखाली उतरत नाही.

तू आईच्या कडेवर होतीस, तुला आठवणार नाही. वर्गातल्या एका मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. कुठल्या गावी ते राहू दे. त्याच्याबरोबर मी पंगतीत बसलो. पत्रावळ मांडली, भात वाढला, वरण वाढलं. वाढप्यानं माझ्यापाशी थांबून विचारलं, "कुणाचा रं तू?" मी आबांचं नाव मोठ्यानं सांगितलं, शाळेत सांगायला शिकवलं होतं तसं. त्यानं मला दंडाला धरून उठवलं. मारलं नाही, ओरडला नाही. नुसतं उठवलं. सगळी रांग माझ्याकडं बघत होती. पत्रावळीवरचं वरण हळूहळू भातात उतरत होतं, ते मला अजून दिसतं. घरी मी सांगितलं नाही. पुढं आबांनी मला संस्कृत शिकायला घातलं, जे आपल्याला मिळालं नाही ते घे म्हणाले. ते मी घेतलं. पंगत राहिली.

तर समोर अशी पंगत होती की जिथं 'कुणाचा तू' विचारायची बंदी. मी पंचा अंथरला आणि बसलो.

आता ऐक. डाव्या बाजूनं डबा आला. मी हात मागं नेला, एक उचलला, उजवीकडं दिला. उजवीकडं बांगड्यांचा हात होता, गरम. डावीकडचा हात गार होता. मेच्या उन्हात गार. आणि ओला. नुकताच धुतलेला असावा तसा नाही. दिवसभर धुणं धुणाऱ्या बाईची बोटं होतात बघ, पांढरी, सुरकुतलेली, मऊ, तसा लागला. पाहिलं नाही मी, लागला म्हणतो. प्रत्येक डबा त्याच्याकडून माझ्याकडं आला. धपाट्याची कड ओली. अंजलीचा लाडू एका अंगानं विरघळत आलेला. मी खाल्ला. मला वाटलं कुणाला फार घाम येतो, भीतीनं येतो तसा. कीव आली. एकदा डबा घेताना ती बोटं माझ्या बोटांवर क्षणभर थांबली. मी हात काढून घेतला नाही.

आणि खरं सांगू? इतकं निवांत मी चाळीस वर्षांत जेवलो नव्हतो.

अंजलीच्या आधी निघायचं म्हणून सगळ्यांत आधी उठलो. भिंतीपाशी जाऊन नियम मोडला. वळून पाहिलं. पाच पाठी होत्या. आणि शेजारी शेजारी दोन जागा मोकळ्या. एक माझी. दुसऱ्या जागेवर दगड ओला होता, माणूस बसून उठल्यासारखा. आजूबाजूचे सगळे दगड पांढरे, वाळलेले. पाणी तिथून बरंच खाली होतं.

परत येताना मी म्हस्कूला सहज विचारलं, किती माणसं सोडली रे आज?

"आमी मोजत न्हाय गुरुजी," तो म्हणाला.

"का बरं?"

"पाणी उतारलं की लई जणं येत्यात देवळाकडं. काय होडीनं येत्यात, काय आपली आपली येत्यात. जुनं गाव हाय न्हवं खाली. मोजाय बसलं की येखादं जास्ती निघतं, मंग दिवसभर डोस्क्याला घोर." आणि थुंकून म्हणाला, "तुमचं तिकीट दोन रुपयं."

व्याकरणात लोप नावाचा प्रकार आहे. अक्षर दिसत नाही, पण त्यानं करायचं ते काम करून गेलेलं असतं. इतकी वर्षं पोरांना शिकवतो. त्या दिवशी होडीत बसून पहिल्यांदा अंगावर काटा आला.

हे अंजलीला सांगणं भाग होतं. सांगितलं तर तिचा तो एकटीनं केलेला प्रवास माझ्या पंच्याखाली जाणार. न सांगितलं तर तिचे चौघं जाणार. आणि सांगूनही हिशेब अर्धाच सुटणार, कारण जास्तीचे दोन, त्यातला एक मी. मी आठ दिवस गप्प बसलो. घराण्याची रीत.

शेवटी आईनंच फोडलं. जेवताना अंजलीनं तिला सगळं सांगितलं, दोन जास्त, रिकामे डबे, सगळं. आईनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "मंग? उठवलं का काय त्यास्नी कुनी?"

"नाही आजी. कळलंच नाही कुणाला."

"मंग झालं की. भुकेलं आसंल कुनी. बसलं पंगतीला, बसू दे. उठवायचं न्हाय बाई कुनाला. उठवल्यालं मानूस जलमभर उभंच ऱ्हातं." आणि माझ्याकडं बघितलं. ज्योत्स्ना, मला वाटायचं मी घरी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंजली म्हणाली, बारामतीला जायचंय. गाडीत तिकीट तिनं काढलं, दोघांचं. माडीवर बसून तिनं गटाला लिहिलं. मी स्टुलावरून वाचलं. "पुढच्या वेळी सगळ्यांनी आठ आणा. सात जणांना सात आणि एक जास्तीचा. कुणी आलं तर येऊ दे. आपल्याला कुठं कुणी बसू देत होतं?" बराच वेळ काही नाही. आम्ही खाली जाऊन उसाचा रस पिऊन आलो. मग एक 'आहे'. गोगलगाय. मग खेकडा. आम्ही उठेपर्यंत साळिंदराचंही आलं. शिंपल्याचं दोन दिवसांनी. मुलाखतीचं पत्र तिनं माझ्या टेबलावरून उचलून नेलंय.

परतीच्या गाडीत, खिडकीबाहेर बघत, म्हणजे माझ्याकडं पाठ करूनच, ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी तुम्हीपण काहीतरी आणा. रिकाम्या हातानं बसू नये पंगतीला."

मी खांद्यावरचा पंचा काढून पिशवीत कोंबला.

"घास घेण्याआधी तुम्ही घसा साफ करता," ती म्हणाली. "मला पहिल्या धपाट्यालाच कळलं. राग आला होता. नंतर वाटलं, असू दे, बाबा जेवतायत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? तुला दुसऱ्याची भीती वाटली नाही?"

तेव्हा ती वळली. "दुसरं म्हणजे? तुमच्या शेजारून चावण्याचा आवाज येत होता ते? मला वाटलं तुम्हीच कुणाला तरी बरोबर आणलंय. आणि तुम्हाला विचारलं तर तुम्ही सांगाल की मी कुणालाच आणलं नव्हतं, म्हणून विचारलं नाही."



मुलाखत सोमवारी आहे. रविवारी दुपारच्या गाडीनं ती तुझ्याकडं येईल. एकटी. मी स्टँडवर जाणार नाही, शपथ घेतो हवी तर आबांच्या फोटोची. तिला पुण्याच्या स्टँडवर घ्यायला सुमितला पाठवू नकोस, पत्ता विचारत येऊ दे. दहा जणांना विचारावा लागला तरी चालेल. आली की लगेच काही विचारू नकोस. जेवायला मात्र तुझ्या समोर बसव. शेजारी नाही, समोर.

तू म्हणशील, दादा एवढं सांगतोय ते त्या ओल्या हाताच्या धास्तीनं. तसं नाही. त्या हाताची मला भीती वाटत नाही. वाटायला हवी होती, वाटली नाही. त्याचा हात माझ्या हातावर थांबला तेव्हा मला वाटलं, हा कोण आहे ते मला माहीत आहे, ह्यालाही कुणीतरी दंडाला धरून उठवलंय.

त्या गटानं माझ्या पोरीला जगवलं. मी ते कधी विसरणार नाही. जिथं तोंड दिसत नाही तिथं तिला आधी आवाज फुटला आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून ती बसायला शिकली. पण तो डावीकडचा तिथं किती वर्षं तसाच बसला असेल, पाठ करून, कुणी विचारू नये म्हणून, आणि आता विचारणारंच कुणी उरलेलं नाही. आणि त्याच्या शेजारी मला इतकं बरं वाटलं, ज्योत्स्ना, की मला उठवत नव्हतं. सात जणांच्या पंगतीत एक जागा आता माझी म्हणून धरली आहे. मी पुढच्या वेळी जाईन. लाडूसुद्धा नेईन.

माझी काळजी एवढीच आहे की ती माझी पोरगी आहे. तिलाही तिथं असंच बरं वाटेल आणि ती वळायचीच नाही.

ती तुझ्यासमोर बसून जेवली की कळव. पोस्टकार्डावर लिहिलंस तरी चालेल. पाकिटावर पत्ता कसाही घाल. सोपान कोपऱ्यावर ओरडला तरी या वेळी मी स्वतः दारात येईन.

वाट बघतो,
तुझा दादा